भारोत्तोलक जॉन डेव्हिस



शरीरबलानें मिळविलेली कीर्ति फार अल्पायुषी असते. कवीच्या मागें त्याचे ग्रंथ राहतात, गवयाच्या मागें त्याच्या ध्वनिमुद्रिका राहतात. परंतु ज्यानें एकदां मोठें वजन डोक्यावर तोललें आणि पुन्हां जमिनीवर ठेवलें, त्याच्या मागें काय राहतें? एक आंकडा. आणि आंकडा हा पुढच्या पिढीनें मागें टाकण्यासाठींच असतो. आज मी ज्या पुरुषाविषयीं बोलणार आहें, त्याचे सगळे आंकडे केव्हांच मागें पडले आहेत. तरीही त्याचें चरित्र तरुणांपुढें ठेवण्याजोगें आहे असें मला वाटतें. तें कां, याचाच विचार या भाषणांत करावयाचा आहे. या पुरुषाचें नांव जॉन डेव्हिस. अमेरिकेंतील ब्रुकलिन या न्यूयॉर्कच्या भागांत वाढलेला हा कृष्णवर्णीय भारोत्तोलक १९३८ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे तब्बल पंधरा वर्षें, अजिंक्य राहिला.

वजन उचलणें ही गोष्ट आपल्याकडे नवी नाहीं. गांवोगांवच्या तालमींत दगडी नाल असत, व जत्रेच्या दिवशीं ती नाल कोण उचलतो हें पाहण्यास सारें गांव लोटे. परंतु नालेचा खेळ आणि जागतिक सामन्यांतील भारोत्तोलन यांत एक मोठा फरक आहे. नालेचें वजन ठरलेलें. ती उचलली कीं पैज संपली. सामन्यांत लोखंडी दांड्याच्या दोन्ही टोकांस चकत्या चढवून वजन वाढवीत जातात, आणि प्रत्येकानें आपलें वजन आपणच मागावयाचें असतें. एकदां दांड्यावर चढलेलें वजन पुन्हां खालीं उतरत नाहीं. प्रत्येक प्रकाराला संधि तीनच. फार थोडें मागितलें तर प्रतिस्पर्धी पुढें जातो, आणि फार मागितलें तर हातीं कांहींच लागत नाहीं. म्हणून या खेळांत दंडाइतकीच डोक्याचीही परीक्षा होते. बाजूला तीन पंच बसतात. त्यांतील दोघांनीं मान्यता दिली कीं वजन उचललें असें ठरतें.

डेव्हिसच्या काळीं अशा उचलण्याचे तीन प्रकार होते. पहिला प्रेस : दांडा खांद्यापर्यंत आणून, गुडघे न वाकवितां, केवळ खांद्यांच्या व दंडांच्या जोरावर तो हळूहळू डोक्यावर न्यावयाचा. दुसरा स्नॅच : जमिनीवरून एकाच झेपेंत दांडा थेट डोक्यावर. तिसरा क्लीन अँड जर्क : पहिल्या हालचालींत खांद्यावर, दुसऱ्या हालचालींत पायांचा झटका देऊन डोक्यावर. सर्वांत अधिक भार या तिसऱ्या प्रकारांत उचलला जातो. तिन्हींतील उत्तम वजनांची बेरीज ज्याची अधिक तो विजयी. पुढें प्रेसमध्यें लोक कमरेंतून इतके मागें वाकूं लागले कीं निर्णय देणें पंचांना अशक्य होऊन बसलें. त्यामुळें १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर तो प्रकार बंद करण्यांत आला. आजच्या बेरजेंत म्हणून दोनच प्रकारांचे आंकडे असतात. जुन्या व नव्या आंकड्यांची तुलना करतांना हें ध्यानांत ठेवावें लागतें.

जॉन डेव्हिसचा जन्म १९२१ च्या जानेवारींतला. त्याची आई त्याला ब्रुकलिनमध्यें वाढवीत होती. घरचा थाटमाट नव्हता. वस्तींतल्या मोकळ्या पटांगणावर खेळतां खेळतां त्याचें बळ लोकांच्या नजरेस आलें, आणि सोळा वर्षांच्या सुमारास तो रीतसर भारोत्तोलन करूं लागला. नंतर एकदीड वर्षाच्या आंतच, १९३८ च्या शरद् ऋतूंत, अमेरिकेच्या संघाबरोबर तो जागतिक सामन्यांसाठीं व्हिएन्नास गेला. त्या वेळीं त्याचें वय होतें अवघें सतरा.

तें व्हिएन्ना शहर त्या वर्षीं कसें होतें हें श्रोत्यांनीं मनांत आणावें. मार्च महिन्यांत हिटलरनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला होता. मनुष्याची योग्यता त्याच्या वंशावरून ठरते, हें तेथें आतां राज्यकर्त्यांचें तत्त्वज्ञान झालें होतें. अशा शहरांत ब्रुकलिनचा हा सतरा वर्षांचा काळा मुलगा मंचावर चढला, आणि ८२॥ किलोंच्या गटांत ३८७॥ किलोंची बेरीज करून जगज्जेता ठरला. तराजू व लोखंड यांचा एक मोठा गुण आहे : समोरच्याचा वंश त्यांना कळत नाहीं. व्हिएन्नाच्या पंचांनाही जें डोळ्यांपुढें घडलें तेंच लिहून घ्यावें लागलें.

येथून पुढें डेव्हिसची कारकीर्द एखाद्या घोड्यासारखी दौडत जावयाची. तो वजनानें वाढला, वरच्या गटांत गेला, जगांतील सर्वांत बलवान् पुरुषांमध्यें त्याची गणना होऊं लागली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्यें सर्वांत वरच्या गटाचें सुवर्णपदक जर्मनीच्या जोसेफ मँगरनें ४१० किलोंच्या बेरजेवर जिंकलें होतें. १९४१ सालीं स्टीव्ह स्टँको या अमेरिकन भारोत्तोलकानें १००० पौंडांची, म्हणजे सुमारें ४५३॥ किलोंची, मर्यादा प्रथम ओलांडली; आणि त्याच वर्षीं वीस वर्षांच्या डेव्हिसनेंही ती ओलांडली. मँगरच्या आंकड्याहून हें चाळीस किलोंपेक्षांही अधिक झालें.

पण हें बळ दाखवावयाचें कोठें? १९३९ मध्यें युरोपांत महायुद्ध पेटलें. १९४० चें ऑलिंपिक झालें नाहीं, १९४४ चेंही झालें नाहीं. व्हिएन्नानंतर आठ वर्षें जागतिक सामना म्हणून झालाच नाहीं. डेव्हिस सैन्यांत गेला व पॅसिफिक महासागराच्या आघाडीवर त्यानें चाकरी केली. त्या काळीं अमेरिकन सैन्यांत काळ्या सैनिकांचीं पथकें वेगळीं व गोऱ्यांचीं वेगळीं असत. जगज्जेतेपदाचा मान मिळविलेला हा तरुण, स्वातंत्र्यासाठीं लढणाऱ्या आपल्याच सैन्यांत वेगळ्या पंक्तीस बसत होता.

मीं आयुष्यभर मुलांना अंकगणित शिकविलें, म्हणून येथें एक लहानसा हिशेब मांडतों. १९४१ सालीं डेव्हिसची बेरीज ४५३॥ किलोंच्या वर होती. युद्धानंतर १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें ज्या बेरजेवर त्याला सुवर्णपदक मिळालें, ती होती ४५२॥ किलो. म्हणजे विसाव्या वर्षीं त्यानें जें केलें होतें, त्याहून सत्ताविसाव्या वर्षींचा आंकडा किंचित् कमीच होता. युद्धानें या माणसाचें काय नेलें हें या दोन आंकड्यांवरून जितकें स्पष्ट होतें, तितकें लांबलचक वर्णनानेंही होणार नाहीं. अठरापासून पंचविसापर्यंतचीं वर्षें भारोत्तोलकाच्या जडणघडणीचीं. तीं परत मिळत नाहींत.

परंतु डेव्हिसनें गेलेल्या वर्षांबद्दल कपाळाला हात लावला नाहीं. १९४६ सालीं पॅरिस येथें जागतिक सामने पुन्हां सुरू झाले तेव्हां सोव्हिएट रशियाचे भारोत्तोलक प्रथमच त्यांत उतरले होते, आणि त्यांच्यांतील याकोव्ह कुत्सेंको हा मोठा नामांकित वीर होता. डेव्हिसनें त्याला मागें टाकून वजनदार गटाचें जगज्जेतेपद मिळविलें. १९४७ सालीं फिलाडेल्फियास पुन्हां तेंच. १९४८ सालीं लंडन.

त्या लंडनच्या सामन्याची हकीकत थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. डेव्हिसनें प्रेसमध्यें १३७॥, स्नॅचमध्यें १३७॥, आणि क्लीन अँड जर्कमध्यें १७७॥ किलो उचलले. दुसरा आलेला नॉर्बर्ट शेमान्स्की हाही अमेरिकनच. त्याची बेरीज ४२५. शेमान्स्की पुढें १९५२ सालीं आपल्या गटांत सुवर्णपदक, आणि १९६० व १९६४ सालीं कांस्यपदकें मिळविणारा असामान्य भारोत्तोलक. आणि डेव्हिस त्याच्याहून २७॥ किलोंनीं पुढें! या खेळांत अडीच किलोंसाठीं जीव टांगणीला लागतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे २७॥ किलोंचा अर्थ उमगतो. आणखी एक योगायोग असा कीं, सैन्यांतील वर्णभेद रद्द करण्याच्या आज्ञेवर अध्यक्ष ट्रूमन यांनीं २६ जुलै १९४८ रोजीं सही केली, आणि २९ जुलैला लंडनचें ऑलिंपिक सुरू झालें. ज्या सैन्यांत डेव्हिस वेगळ्या पंक्तीस बसला होता, त्या सैन्याचा कायदा बदलल्यावर थोड्याच दिवसांत तो आपल्या देशाचें निशाण सर्वांत उंच चढवीत होता.

आतां डेव्हिसच्या चरित्रांतील एक निराळाच प्रसंग सांगतों. फ्रान्समध्यें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लुई युनी नांवाचा एक महाबलवान् पुरुष होऊन गेला. रंगभूमीवर तो अपोलों या नांवानें खेळ करी. त्याच्या खेळांतील एक साधन म्हणजे आगगाडीच्या डब्याचीं दोन चाकें आणि त्यांना जोडणारा आंस. एकूण वजन सुमारें १६६ किलो. डेव्हिसला १६६ किलोंचें भय वाटण्याचें कारण नव्हतें. सामन्यांत तो याहून अधिक उचलीत असे. अडचण होती ती आंसाच्या जाडीची. सामन्याचा दांडा मुठींत बसेल इतकाच जाड, सुमारें २८ मिलिमीटर असतो, आणि त्यावरील चकत्या आपल्या आपण फिरतात. हा आंस ४९ मिलिमीटर जाड, मुठींत न मावणारा. आणि चाकें त्याला घट्ट जखडलेलीं, म्हणून उचलतांना तीं चाकें आंसासह हातांतच फिरूं पाहतात. १९३० सालीं शार्ल रिगुलो या फ्रेंच वीरानें हें साधन डोक्यावर नेलें होतें. त्यानंतर अनेक वर्षें तें कोणालाच साधलें नाहीं.

१९४९ च्या सप्टेंबरांत पॅरिस येथें डेव्हिसनें तें आव्हान घेतलें. त्याचे हात शरीराच्या मानानें लहान. बोटांची पकड आंसाभोंवतीं पुरेना. दोन्ही हातांनीं सरळ धरलें तर आंस निसटे. अखेर त्यानें एका हाताचा तळवा पुढें व दुसऱ्याचा मागें असा उलटसुलट पंजा घालून आंस वर ओढला. आणि तो अधांतरीं असतांनाच, एका क्षणाच्या शतांशांत, एक हात सोडून सरळ केला, खालीं शिरून भार खांद्यावर झेलला व पुढें डोक्यावर नेला. १६६ किलो लोखंड हवेंत असतांना एक हात सोडणें म्हणजे काय, याची कल्पना ज्यानें तालमींत कधीं नाल धरली असेल त्यालाच येईल. नुसत्या बळानें हें होत नाहीं. आपलें न्यून कोठें आहे हें ओळखून त्यावर युक्ति शोधावी लागते. लहान हात हें त्याचें न्यून होतें. तें त्यानें लपविलें नाहीं, त्यावर मात केली.

यानंतरचा टप्पा १९५१ सालचा. त्या काळीं क्लीन अँड जर्कमध्यें ४०० पौंडांची एक सीमारेषा मानली जात असे. ४०० पौंड म्हणजे १८१ किलोंच्या वर. धान्याचीं शंभर शंभर किलोंचीं दोन पोतीं एकावर एक ठेवलीं तर त्याच्या जवळपास जाणारा भार. अधिकृत सामन्यांत कोणीही तो डोक्यावर नेला नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय सामन्यांत लॉस अँजेलिस येथें डेव्हिसनें ४०२ पौंड उचलून ती सीमा ओलांडली. त्याच वर्षीं ब्वेनोस आयरेस येथें भरलेल्या पहिल्या पॅन अमेरिकन खेळांतही तो पहिला आला. पुढें १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्यें ४६० किलोंची बेरीज करून त्यानें दुसरें ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविलें. त्या दिवशीं दुसरा आला तो जेम्स ब्रॅडफर्ड, वॉशिंग्टनचा, व तोही कृष्णवर्णीय. या ब्रॅडफर्डनें पुढें अनेक वर्षें लायब्ररी ऑफ काँग्रेस या प्रख्यात ग्रंथालयांत नोकरी केली. जगांतील दोन सर्वांत बलवान् पुरुष त्या मंचावर शेजारीं शेजारीं उभे होते, आणि त्यांच्याच देशांतील कित्येक गांवांत त्यांना गोऱ्यांच्या उपाहारगृहांत बसून चहा घेण्याची मुभा नव्हती.

तेव्हां या पराक्रमाचें फळ त्याला काय मिळालें, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याच काळांत जो लुई हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा १९३७ पासून १९४९ पर्यंत वजनदार गटाचा जगज्जेता होता, व त्याचें नांव अमेरिकेंत घराघरांत पोंचलें होतें. मुष्टियुद्धाला तिकिटें खपत, पैसा मिळे. भारोत्तोलन हा हौशी खेळाडूंचा खेळ. पैसे घेतले कीं ऑलिंपिकचें दार बंद. युरोपांत डेव्हिसला लोक ओळखत. ब्रुकलिनमध्यें त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना आपल्या आळींत दोन वेळां ऑलिंपिक जिंकलेला माणूस राहतो याचा पत्ताही नसे. त्यानें न्यूयॉर्कच्या तुरुंगखात्यांत अधिकाऱ्याची नोकरी धरली. गाण्याचा त्याला मोठा नाद. गळा चांगला, आणि पाश्चात्त्य संगीतनाटकांतील पदें तो आवडीनें गाई. मान, धन, प्रसिद्धि यांपैकीं जें त्याला मिळावयास हवें होतें, त्याचा चौथा हिस्साही पदरांत पडला नाहीं. तरीही १९३८ पासून १९५३ पर्यंत त्यानें लोखंडाला पाठ दाखविली नाहीं. अमेरिकेचें राष्ट्रीय विजेतेपद त्यानें बारा वेळां मिळविलें.

शेवटीं १९५३ साल उजाडलें. स्टॉकहोमच्या जागतिक सामन्यांत डेव्हिससमोर कॅनडाचा डग हेपबर्न उभा राहिला. या हेपबर्नची कथाही विलक्षण. व्हँकूव्हर येथें १९२६ सालीं तो जन्मला तेव्हां त्याचें एक पाऊल वांकडें होतें, व डोळाही तिरळा होता. लहानपणीं झालेल्या शस्त्रक्रियांमुळें एका पायाची पोटरी कायमची बारीक राहिली. अशा पायावर उभें राहून हा माणूस दंडांच्या व खांद्यांच्या बळावर जगाच्या वरच्या पंक्तीस आला होता. त्या दिवशीं हेपबर्नची बेरीज झाली ४६७॥ किलो, आणि डेव्हिसची ४५७॥. पंधरा वर्षें अढळ असलेलें आसन दहा किलोंनीं हललें.

श्रोत्यांनीं येथें एक गोष्ट पाहावी. स्टॉकहोमला डेव्हिस दुबळा झाला होता असें नव्हे. त्याची ४५७॥ ची बेरीज लंडनच्या सुवर्णपदकाच्या बेरजेहून पांच किलोंनीं जास्तच होती. तो जेथें होता तेथेंच होता. जग पुढें आलें होतें. आणि जगाला पुढें येण्याची वाट ज्यांनीं दाखविली, त्यांत तो स्वतःच अग्रेसर होता. ४०० पौंड उचलतां येत नाहींत असें वाटत होतें तोंपर्यंत कोणी उचलले नाहींत. एकदां ते उचलले गेल्यावर ती सीमा अनेकांनीं ओलांडली. १९७० सालीं सोव्हिएट रशियाच्या व्हॅसिली अलेक्सेयेव्हनें ५०० पौंड उचलले, आणि २०२१ सालीं जॉर्जियाच्या लाशा तलाखाद्झेनें ताश्कंद येथें २६७ किलो, म्हणजे ५८८ पौंडांच्या वर, उचलले. एकाच प्रकारांत सत्तर वर्षांत पाऊणशें किलोंहून अधिक वाढ! अर्थात् हे पुढचे वीर दीडशें किलोंहून अधिक वजनाचे. डेव्हिसचें शरीर त्यांच्यापेक्षां कितीतरी हलकें होतें. पण ही सबब सांगण्याची त्याला गरज नाहीं.

याच अलेक्सेयेव्हचें उदाहरण अजिंक्यपणाचा अंत किती कठोर असूं शकतो हें दाखवितें. आठ वर्षें ओळीनें जगज्जेता झालेला, १९७२ व १९७६ चीं दोन्ही ऑलिंपिक जिंकलेला हा महापुरुष १९८० सालीं मॉस्कोंत, आपल्याच लोकांसमोर, स्नॅचमध्यें १८० किलो मागून उभा राहिला. तिन्ही प्रयत्न फसले, आणि बेरजेला आरंभ होण्यापूर्वींच तो सामन्यांतून बाद झाला. लोखंड मागचे पराक्रम ध्यानांत ठेवीत नाहीं. त्या क्षणीं उचललें तर उचललें. डेव्हिसच्या पराभवांत निदान तेवढी विटंबना नव्हती. आपलें पुरें वजन उचलून, दुसऱ्यानें अधिक उचललें म्हणून, तो खालीं उतरला. पुढें १९५६ सालीं पुन्हां ऑलिंपिकला जाण्याचा त्यानें यत्न केला. पण दुखापतीनें तो बेत निष्फळ ठरला. १९८४ च्या जुलै महिन्यांत, अमेरिकेच्या न्यू मेक्सिको प्रांतांतील अल्बुकर्क येथें, कर्करोगानें त्याचा अंत झाला. त्या वेळीं तो त्रेसष्ट वर्षांचा होता.

आतां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें. आंकडे गेले, मग उरलें काय? माझ्या मतें तीन गोष्टी उरल्या. दैवानें उमेदीचीं आठ वर्षें हिरावून घेतलीं असतां त्यांच्यासाठीं रडत न बसतां उरलेल्या वर्षांचें सोनें करणें, ही पहिली. ज्या समाजानें पुरता मान दिला नाहीं त्याच्याविषयींचा कडवटपणा आपल्या कामांत उतरूं न देणें, ही दुसरी. आणि आपल्यापेक्षां थोर असा कोणी समोर आला असतां आपलें पुरें बळ लावून मगच जागा सोडणें, ही तिसरी. यांपैकीं एकही गोष्ट चकत्यांवर कोरतां येत नाहीं, व म्हणून पुढच्या पिढीला ती मोडतांही येत नाहीं.

आपल्या तालमींतून आज अनेक तरुण लोखंडाशीं झटत आहेत. त्यांनीं मोठे आंकडे अवश्य डोळ्यांपुढें ठेवावेत. परंतु दांड्याला हात घालण्यापूर्वीं, लहान पंजानें जाडा आंस पेलणाऱ्या त्या ब्रुकलिनच्या माणसाची आठवण त्यांनीं एकदां करावी. आपलें न्यून कोणतें हें ओळखून त्यावर युक्ति शोधणारा मनुष्य हरला, तरी त्याचें केलेलें काम वायां जात नाहीं.